पाण्याविना वल्हं आणि धरलेली मान

व्यायाम नव्यानं सुरू केलेल्या माणसाच्या अंगदुखीची आपल्याकडे फारशी दखल घेतली जात नाही. मांड्या भरून आल्या, दंड दुखले, की ‘दोन दिवसांत सुटेल’ म्हणून विषय मिटतो. मानेचं तसं होत नाही. मान धरली की माणूस धास्तावतो. रस्ता ओलांडताना मागं वळून पाहता येत नाही, उशीवर डोकं टेकताना कळ जाते, आणि घरातलं कुणीतरी ‘स्पॉन्डिलोसिस तर नाही ना?’ असं विचारून धास्तीत भर घालतं. रोइंग मशीनवर पहिले आठ-दहा दिवस काढलेल्या अनेकांकडून हीच तक्रार ऐकू येते: पाय ठीक आहेत, कंबर ठीक आहे, पण मान आणि खांद्यामधला भाग दगडासारखा झालाय.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या नव्या जिममध्ये ट्रेडमिलच्या रांगेच्या टोकाला हे लांबट, जमिनीलगतचं यंत्र आता दिसू लागलं आहे. सरकती सीट, पायपट्टे, साखळीला जोडलेला दांडा आणि समोर पंख्याचं चाक. बसून करायचा, गुडघ्यांवर आदळआपट नसलेला आणि एकाच हालचालीत पाय, पाठ, हात सगळ्यांना कामाला लावणारा व्यायाम म्हणून प्रशिक्षक तो सुचवतात, आणि त्यात चूक काही नाही. मग मान कशानं धरते? यंत्रानं, ओढण्याच्या चुकीनं, घाईनं, की जिममध्ये पाऊल टाकण्याआधी दिवसभर तिनं जे सोसलेलं असतं त्यानं? प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि संशोधक यांची उत्तरं एकसारखी नाहीत. ती क्रमानं मांडून कोणत्या उत्तराला किती आधार आहे ते पाहणं, एवढाच या लेखाचा हेतू.

नदीवरून दिवाणखान्यात

किनाऱ्यावर बसून वल्हवण्याचा सराव जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सचा सेनानी चॅब्रियस यानं नवशिक्यांना लाकडी चौकटींवर बसवून आधी जमिनीवरच शिकवल्याचा उल्लेख सापडतो. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेतही वल्हवण्याचं यंत्र होतं. आज जगभर दिसणाऱ्या यंत्राचा वंश मात्र अलीकडचा. डिक आणि पीट ड्रायसिगेकर या अमेरिकी भावांनी १९७६ मध्ये वल्ही बनवण्याचा धंदा सुरू केला आणि १९८१ मध्ये हवेच्या अवरोधावर चालणारं आपलं पहिलं यंत्र बाजारात आणलं. ‘कन्सेप्ट टू’ हे नाव तिथलंच. हिवाळ्यात नद्या गोठल्या की वल्हवणाऱ्यांचा सराव थांबू नये, ही त्यामागची गरज होती. पुढे क्रॉसफिट या व्यायामपद्धतीच्या लाटेबरोबर हे यंत्र नदीशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांपर्यंत पोचलं.

महाराष्ट्रात रोइंगची नाळ पुण्याशी जुळलेली आहे. तिथला रॉयल कनॉट बोट क्लब १८६८ सालचा. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आणि लष्कराचं प्रशिक्षण केंद्रही तिथलंच. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही गावचा दत्तू भोकनळ लष्करात जाऊन हा खेळ शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी प्रकारात तो तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्यानं सुवर्णपदक मिळवलं. ‘रोइंग’ हा शब्द मराठी घरांत पोचवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

यंत्रावर शिकणारा आणि पाण्यावर शिकणारा यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे, आणि मानेच्या प्रश्नाचं एक टोक तिथं सापडतं. पाण्यावर चूक झाली की नौका डुलते, वल्हं पाण्यात अडकतं, शेजारचा ओरडतो. चूक त्याच क्षणी कळते. यंत्र डुलत नाही. हात आधी ओढले, खांदे कानाला लागले, मान मागे फेकली, तरी चाक फिरतं आणि मॉनिटरवर आकडे पळत राहतात. पाणी जी चूक तत्काळ दाखवून देतं, ती यंत्रावर दुसऱ्या दिवशी सकाळी मानेत उमटते. बदलापुरातला नवशिका नौकेत कधी बसलेलाच नसतो. त्यानं उल्हास नदी पाहिली असेल तर पुलावरून किंवा लोकलच्या दारातून. त्याला यंत्र हाच पहिला आणि शेवटचा गुरू.

एका ओढीत मान काय करते

एका ओढीचे चार टप्पे मानले जातात. पुढं सरकून गुडघे दुमडलेली पकड, म्हणजे कॅच. मग पायांनी रेटा देत मागं जाणं, तो ड्राइव्ह. दांडा बरगड्यांच्या खालच्या टोकाशी आला की फिनिश. आणि उलट क्रमानं पुन्हा पुढं जाणं, ती रिकव्हरी. ताकदीची वाटणी प्रशिक्षक ढोबळमानानं अशी सांगतात: साठ टक्के पायांची, तीस टक्के धडाची, दहा टक्के हातांची. या हिशेबात मानेचा वाटा शून्य आहे. तिनं फक्त साडेचार-पाच किलोचं डोकं धडाच्या रेषेत तोलून धरायचं.

प्रत्यक्षात मान तीन वाटांनी ओढीत खेचली जाते. पहिली वाट खांद्यांची. मानेच्या मुळापासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझिअस, ज्याला जिममध्ये सगळे ट्रॅप्स म्हणतात, आणि त्याच्याखाली मानेच्या वरच्या मणक्यांपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत उतरणारा लेव्हेटर स्कॅप्युली, हे दोन्ही स्नायू खांदा वर उचलतात. पायांचा रेटा संपण्याआधीच हात ओढायला लागले, किंवा दांडा बरगड्यांऐवजी हनुवटीकडं चढला, की खांदे आपोआप कानांकडं जातात आणि पायांचं काम या दोन स्नायूंच्या अंगावर पडतं.

दुसरी वाट नजरेची. धडाची मागं-पुढं झुकण्याची मर्यादा सांगताना प्रशिक्षक घड्याळाची खूण देतात: पुढं एकच्या काट्याइतकं, मागं अकराच्या. खूण शब्दशः घेतली तर हा साठ अंशांचा झोका झाला. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा कमी असतो. आता डोळे मॉनिटरवरच्या आकड्याला चिकटलेले असतील, तर धड पुढं झुकताना मान वर उचलावी लागते आणि मागं झुकताना हनुवटी छातीकडं आणावी लागते. काही भाग डोळे सांभाळतात, उरलेला मान. मिनिटाला चोवीस ओढी धरल्या तर वीस मिनिटांत हे चारशे ऐंशी वेळा घडतं. ज्या मानेनं याआधी सलग चारशे ऐंशी वेळा काहीच केलेलं नाही, तिच्यासाठी ही संख्या लहान नाही.

तिसरी वाट श्वासाची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. धाप लागली की बरगड्या वर उचलायला मानेच्या पुढचे आणि बाजूचे स्नायू मदतीला येतात. नवशिका जोर लावताना श्वास रोखतो आणि मग हापापून घेतो. दात आवळलेले, मुठी घट्ट, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. अशी वीस मिनिटं गेली की मान फक्त डोकं सांभाळत नसते, ती श्वासही ओढत असते.

‘ओढणंच चुकतंय’

पहिली भूमिका प्रशिक्षकांची आहे आणि ती वरच्या वर्णनातून सरळ निघते. त्यांच्या मते मान हे दुखण्याचं ठिकाण आहे, कारण ओढीच्या क्रमात आहे. पाय, मग धड, मग हात. परतताना हात, मग धड, मग पाय. हा क्रम बसला, दांडा बोटांच्या आकड्यात सैल धरला, कोपरं अंगालगत मागं गेली, तर खांदे खालीच राहतात. म्हणून चांगले प्रशिक्षक नवशिक्याला पहिल्या दिवशी पूर्ण ओढ देतच नाहीत. आधी फक्त पाय, हात सरळ. मग पाय आणि धड. हात सगळ्यात शेवटी. गतीही मिनिटाला अठरा ते बावीस ओढींच्या आसपास.

या भूमिकेचं बळ तिच्या अनुभवात आहे. एखाद्याला शेजारी उभं राहून ‘खांदे सोड’ म्हटल्यावर पुढच्या दहा ओढींत मानेवरचा ताण उतरलेला त्याचा त्यालाच जाणवतो. पण प्रशिक्षकांतही एकमत नाही. नजर कुठं ठेवावी? काही म्हणतात, समोर क्षितिजावर ठेवावी, मॉनिटरकडं अधूनमधून डोळ्यांनीच पाहावं. काही म्हणतात, डोकं धडाबरोबर जाऊ द्यावं, मान म्हणजे कण्याचंच पुढचं टोक समजावं. पहिल्या पद्धतीत मान हलते, दुसऱ्या पद्धतीत नजर हलते. कोणत्या पद्धतीत नवशिक्याची मान कमी धरते, याची समोरासमोर तुलना झालेली नाही. शिवाय वरच्या दर्जाच्या वल्हवणाऱ्यांची ढब एकमेकांशी तंतोतंत जुळत नाही, तरी त्यातले बरेच जण मानेची तक्रार न करता वर्षानुवर्षं खेळतात. म्हणजे ‘चुकीची ढब म्हणजे दुखणं’ हे समीकरण दिसतं तितकं पक्कं नाही.

‘फार लवकर, फार जास्त’

दुसरी भूमिका मात्रेची. क्रीडावैद्यक शाखेतले बरेच जण आज या बाजूला झुकतात. त्यांचं म्हणणं असं की कोणताही स्नायू न झेपणाऱ्या मात्रेत कामाला लावला तर दुखणारच, ढब कितीही सुंदर असो. सवय नसलेल्या कामानंतरचं स्नायूंचं दुखणं साधारण चोवीस ते बहात्तर तासांत सर्वाधिक असतं आणि मग उतरतं. नवशिक्याची ‘धरलेली मान’ पुष्कळदा याच वेळापत्रकानं चालते.

वल्हवणाऱ्यांवरचं संशोधन या भूमिकेला आधार देतं, पण आडवाटेनं. ते मुख्यतः कंबरेवर झालं आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात महाविद्यालयीन स्तरावर वल्हवलेल्या १,६३२ जणांची माहिती घेतली होती. यंत्रावर एका बैठकीत अर्ध्या तासाहून जास्त वेळ घालवणं हा पाठदुखीशी जोडलेल्या घटकांपैकी एक निघाला. २००७ च्या बीजिंगमधल्या जागतिक ज्युनियर स्पर्धेतल्या ३९८ खेळाडूंच्या पाहणीत दुखापतींचा क्रम कंबर, गुडघा आणि मग मनगट-कोपरादरम्यानचा हात असा लागला. मान या यादीत पुढं नाही. याचा एक अर्थ असा की मुरलेल्या वल्हवणाऱ्याची मान सरावलेली असते. दुसरा अर्थ असा की स्पर्धकांवरून नवशिक्याचं काही ताडता येत नाही. दोन्ही अर्थ खरे असू शकतात.

मात्रेच्या बाबतीत एक गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्यावर थांबायलाच हवं. चाकाच्या बाजूला एक ते दहा आकड्यांची खटकी असते, तिला डॅम्पर म्हणतात. बहुतेक जण ती दहावर नेतात, कारण दहा म्हणजे ‘फुल्ल’. डॅम्पर व्यायामाची पातळी ठरवत नाही. चाकात हवा किती शिरेल एवढंच तो ठरवतो, सायकलच्या गियरसारखा. दहावर चाक लवकर मंदावतं, प्रत्येक ओढ जड आणि संथ होते, आणि पाय तयार नसलेला माणूस ती खांद्यांनी खेचतो. अनुभवी वल्हवणारे बरेचदा तीन ते पाचच्या दरम्यान ठेवतात. या लेखातून एकच गोष्ट कुणी उचलणार असेल तर ही उचलावी: बसण्याआधी खटकी कुठं आहे ते पाहा.

उपाय म्हणून ताण देण्याचे, म्हणजे स्ट्रेचिंगचे, प्रकार सर्वत्र सांगितले जातात. त्यांचा आधार अपेक्षेपेक्षा कच्चा आहे. व्यायामाआधी किंवा नंतर स्ट्रेचिंग केल्यानं पुढच्या दिवसांतलं स्नायूंचं दुखणं नावापुरतंच कमी होतं, असं २०११ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. २०१४ मध्ये २५ प्रयोगांचा एकत्रित विचार झाला, त्यात क्रीडादुखापती टाळण्यात स्ट्रेचिंगचा उपयोग दिसला नाही. ताकदीच्या व्यायामाचा मात्र ठळक दिसला. स्ट्रेचिंगनं बरं वाटत असेल तर जरूर करावं. पण ते केलं म्हणून पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटर ओढण्याची मुभा मिळत नाही.

‘मान आधीच थकलेली असते’

तिसरी भूमिका या तीन शहरांना सर्वांत जवळची. बदलापूर ते मुंबईतलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर, अंबरनाथहून साठच्या आसपास. फास्ट लोकलनंही सव्वा तास कुठं गेला नाही. त्या सव्वा तासात एक हात वरच्या कडीला, पाठीवरची सॅक पोटाशी घेतलेली, दुसऱ्या हातात मोबाइल आणि त्यावर झुकलेली मान. गर्दीत मान वळवायलाही जागा नसते. हे दिवसातून दोनदा. मधले आठ-नऊ तास संगणकासमोर. उल्हासनगरात जीन्स शिवणारे कारागीर दिवसभर शिलाई मशीनच्या सुईवर डोळे रोखून बसतात. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांपुढं उभ्यानं पाळ्या होतात. अशी मान रात्री साडेआठला रोइंग मशीनवर येते. दुखण्याचं खापर शेवटच्या वीस मिनिटांवर का फोडायचं, असा या भूमिकेचा सवाल आहे.

सवाल पटणारा आहे. पुराव्याचं चित्र मात्र गुंतागुंतीचं आहे. २०१४ मध्ये एका अमेरिकी शल्यचिकित्सकानं गणिती नमुना मांडला: डोकं साठ अंश झुकलं की मानेवरचा भार सुमारे २७ किलो होतो. हा आकडा जगभर फिरला, आपल्याकडच्या दवाखान्यांच्या भिंतींवरही लागला. पण तो माणसांवर मोजलेला नव्हता, संगणकावर काढलेला होता, आणि भार वाढला म्हणजे दुखणं येतंच असं त्यातून निघत नाही. २०१८ मध्ये ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाच्या १५० तरुणांची पाहणी झाली. मोबाइलवर मान झुकवण्याची ढब आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. नंतर वर्षभर पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासातही मोबाइल पाहतानाच्या ढबीवरून पुढच्या मानदुखीचं भाकीत करता आलं नाही. उलट २०१९ च्या एका एकत्रित आढाव्यात मानदुखी असलेल्या प्रौढांत डोकं पुढं काढलेली ढब जास्त दिसली, किशोरांत नाही. पण प्रौढांमध्येही ढबीमुळं दुखणं आलं की दुखण्यामुळं ढब बदलली, हे त्यावरून ठरत नाही.

माझं स्वतःचं मत, सगळं वाचून झाल्यावर, असं आहे की एखाद्या कोनाला दोषी धरणं चूक आहे, पण तासन् तास तोच कोन न बदलणं ही वेगळी बाब आहे. आणि कोनापेक्षा मला झोपेची काळजी जास्त वाटते. पहाटे पाचला उठून सहाची लोकल धरणारा आणि रात्री दहाला जिममधून घरी येणारा माणूस किती झोपतो? अपुरी झोप आणि मानदुखी यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. प्रवासी पट्ट्यातल्या मानेचा विचार करताना मणक्यांइतकाच वेळापत्रकाचा विचार व्हायला हवा.

यंत्र कुठं ठेवलंय

चौथा मुद्दा छोटा आहे, म्हणून बहुधा राहून जातो. पायपट्टे फार वर असले तर कंबर गोलावते आणि डोकं सावरायला मान मागं वाकते. पट्टा पायाच्या चवड्याच्या रुंद भागावर यावा. मॉनिटरचा दांडा वर-खाली होत असेल तर तो डोळ्यांच्या पातळीला आणावा. आणि आरसा. जागा वाचवायला यंत्र बाजूच्या भिंतीला लावलेलं असतं, तिथं माणूस आपली ढब पाहायला दर ओढीला मान वळवतो. वळलेली मान आणि वर खेचलेले खांदे एकत्र आले की एकाच बाजूची कळ निघते. फक्त एकाच बाजूला दुखत असेल तर आधी आरसा किंवा उंचावर टांगलेला टीव्ही कोणत्या बाजूला आहे ते पाहावं. खर्च शून्य, यंत्राची दिशा बदलायची एवढंच.

धरल्यावर काय

इथं मात्र गेल्या दोन-तीन दशकांत मतं बरीच जवळ आली आहेत. साध्या मानदुखीला आठवडाभराची सक्तीची विश्रांती आणि गळ्याचा पट्टा ही जुनी पद्धत मागं पडली. हालचाल चालू ठेवावी, दुखेल इतकं करू नये, दोन-तीन दिवस यंत्रापासून लांब राहून चालणं चालू ठेवावं, असा सल्ला आता सर्वसाधारण आहे. शेक की बर्फ हा वाद घरोघरी आहे. २०१० मध्ये मान किंवा पाठ लचकलेल्या साठ रुग्णांवर त्याची तुलना झाली आणि दोन्हींत फरक पडला नाही. ज्यानं बरं वाटेल ते घ्यावं.

मालिश तात्पुरता आराम देते, तेवढ्यापुरती चांगली. पण केस कापून झाल्यावर कडकन मान मोडून घेण्याची सलूनमधली सवय सोडावी. असा झटका मानेच्या रक्तवाहिनीला किंवा नसेला इजा करू शकतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर भारी पडतं. आधीच आखडलेल्या मानेला तर हा झटका मुळीच देऊ नये.

एक्स-रे आणि एमआरआयचाही प्रश्न आहे. मान धरली, फोटो काढला, ‘झीज’ दिसली, आणि माणूस आयुष्यभरासाठी स्पॉन्डिलोसिसचा रुग्ण झाला, हे चक्र आपल्याकडे फार परिचित आहे. जपानमध्ये कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले तेव्हा ८७ टक्क्यांहून अधिक लोकांच्या मानेत चकती फुगलेली दिसली. २०१५ चा हा अभ्यास प्रत्येक धास्तावलेल्या रुग्णाला सांगावा असा आहे. फोटोत दिसलेली गोष्ट आणि दुखण्याचं कारण एकच असेल असं नाही.

दीर्घकाळच्या मानदुखीत ताकदीचे व्यायाम उपयोगी पडतात हे चांगल्या प्रयोगांनी दाखवलं आहे. फिनलंडमध्ये २००३ साली कार्यालयात काम करणाऱ्या १८० स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला. मानेच्या ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं आणि अडचण दोन्ही कमी झाली. डेन्मार्कमध्ये २०११ साली १९८ जणांच्या प्रयोगात रबरी पट्टा घेऊन हात बाजूला उचलण्याचा साधा व्यायाम दोन गटांना दिला: एका गटाला रोज दोन मिनिटं, दुसऱ्याला बारा. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांना फायदा झालेला दिसला. लोकल पकडण्याच्या घाईतल्या माणसाला दोन मिनिटांचा हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. माझी स्वतःची मान पहिल्याच आठवड्यात धरली होती आणि पाच दिवसांत सुटली. एका मानेवरून नियम काढता येत नाही. पण परत बसताना मी डॅम्पर तीनवर आणला, दहा मिनिटांवर थांबलो, आणि ती पुन्हा धरली नाही.

काही दुखणी मात्र या चर्चेत बसत नाहीत आणि त्यांना घरी थांबवू नये. मानेतून हातात उतरणारी कळ, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा, हातातली वस्तू निसटणं, चालताना तोल जाणं, तापाबरोबर ताठलेली मान, किंवा आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी. आणि सर्वांत महत्त्वाचं: जोर लावला की मान, जबडा, छाती किंवा डाव्या हातात दाटून येणारी आणि थांबलं की ओसरणारी वेदना. ती मानेची नसून हृदयाची असू शकते. भारतीयांत हृदयविकार तुलनेनं कमी वयात येतो. चाळिशीत जिम सुरू करणाऱ्या माणसानं ही खूण ओळखायलाच हवी. अशा वेळी बाम चोळत बसू नये, त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा.

काय सुटलेलं नाही

मानदुखी दुर्मीळ नाही. २०२० साली जगात सुमारे २० कोटी ३० लाख लोकांना ती होती, असा जागतिक आजारभार अभ्यासाचा अंदाज आहे. तरीही रोइंग मशीनवरच्या नवशिक्याची मान संशोधनाच्या नजरेतून निसटली आहे. जे मोजलं गेलं ते स्पर्धक, आणि मोजली गेली ती कंबर. व्यायाम म्हणून आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं ओढणारी, आधी कधी खेळ न खेळलेली पस्तिशीची स्त्री या आकड्यांत नाही. दांड्याची रुंदी सगळ्यांना एकच. अरुंद खांद्यांच्या माणसाला ती कशी पडते हेही तपासायचं राहिलं आहे. डोकं स्थिर ठेवावं की धडाबरोबर जाऊ द्यावं, हा वाद अनुभवाच्या पातळीवरच अडकला आहे. प्रवास आणि कामाचा थकवा किती धरायचा आणि यंत्राचा किती, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

चारही भूमिका शेजारी ठेवल्यावर मला मात्रेची बाजू सर्वांत भक्कम वाटते, ढबीची त्याखालोखाल. थकलेल्या मानेची बाजू पुराव्यात कमजोर आहे, पण या पट्ट्यात ती सोडून देणं मला पटत नाही, कारण तिची तपासणी ज्यांच्यावर झाली ते बदलापूरच्या लोकलमध्ये उभे नव्हते. आणि कोणतीही बाजू धरली तरी यंत्र सोडून द्यावं असं तिच्यातून निघत नाही.

तिन्ही शहरांतल्या जिमचालकांना आणि प्रशिक्षकांना एक विनंती. यंत्राशेजारी एक वही ठेवा. नव्यानं बसणाऱ्याचं वय, डॅम्परचा आकडा, किती मिनिटं, मिनिटाला किती ओढी, त्या दिवशी लोकलचा प्रवास झाला होता का, रात्री किती झोप झाली, आणि मान धरली तर कोणत्या बाजूला, किती दिवसांनी सुटली, एवढं लिहून घ्या. नाव लिहू नका, त्याची गरज नाही. सहा महिन्यांनी ती वही जवळच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा.